अक्षराभ्यास झाला, पुढे काय?

याही वर्षी स्मरणिकेसाठी चार पाने लिहायला बसलो आहोत. मागे याच पानांवर आम्ही सीमाभागातल्या मराठी घराण्यांविषयी लिहिले होते. वाचकांनी ते प्रेमाने वाचले, दोघातिघांनी चुका दाखवल्या, त्या आम्ही मान्य केल्या. यंदाचा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळींनी विचारले, "हा इतिहास आहे का?" आहे. फक्त त्यात राजे नाहीत, गढ्या नाहीत. शाळा संपवून घरी आलेल्या अपंग मुलामुलींना काम मिळावे म्हणून आपल्या मुलखात कोणी काय केले, आणि आपण घरातल्यांनी काय केले नाही, एवढाच हा इतिहास आहे.

एक आधीच सांगतो. सरकारी कागदात आता 'दिव्यांग' हा शब्द आहे, आणि आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे कार्यालयात तोच लिहितो. पण जुन्या काळाबद्दल लिहिताना 'अपंग', 'मूकबधिर' हे त्या काळचे शब्द येतील. कोणाला दुखवण्याचा हेतू नाही.

वसंत पंचमीला आपल्या गावात काय गर्दी असते हे सांगायला नको. पहाटेपासून रांग. नांदेड, परभणी, निजामाबाद, हैदराबाद, कुठून कुठून लोक लेकरू कडेवर घेऊन येतात. गुरुजी लेकराचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात आणि आईबापांच्या तोंडावर जे समाधान दिसते ते पाहण्यासारखे असते. काही वर्षांपूर्वी आम्ही रांगेच्या बाजूला उभे होतो. एका बाईच्या मांडीवर सहासात वर्षांचा मुलगा होता. त्याची बोटे वळत नव्हती, पेन्सिल धरता येत नव्हती, मान एका बाजूला झुकलेली. गुरुजींनी घाई केली नाही. मागे लोक कुरकुरत होते, तरी त्यांनी त्या मुलाची मूठ आपल्या मुठीत घेऊन अक्षर पुरे केले. बाईच्या डोळ्यांना धार लागली होती. आमच्याही मनात आले की हे लेकरू वीस वर्षांचे होईल तेव्हा त्याचा हात कोण धरील?

हा प्रश्न आम्हाला सुचला याचे कारण आमच्या घरात आहे. आमचा धाकटा भाऊ जन्मतः बहिरा. त्या काळी, म्हणजे १९८८ च्या सुमारास, वडिलांनी चौकशी केली आणि त्याला सीमेपलीकडे महाराष्ट्रात मूकबधिरांच्या निवासी शाळेत घातले. विचार सरळ होता. घरात मराठी, तर लेकराने ओठ वाचायचे ते मराठीतच. दहाबारा वर्षे तो तिथे राहिला. सुंदर अक्षर, चित्रकलेत बक्षिसे, ओठ पाहून आईचे बोलणे समजू लागला. सन २००० मध्ये पेटी उचलून घरी आला आणि मग सहा वर्षे घरी बसला. खरे सांगायचे तर बसवला. "घरी काय कमी आहे?" हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा उच्चारले गेले तितके बहुधा देवाचे नावही नाही. आम्ही स्वतः तोवर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो होतो. सुट्टीत मित्राच्या दुकानात मोटारी उघडून बसायचो. भावाला सोबत न्यावे हे आम्हाला एकदाही सुचले नाही.

आता थोडा मागचा काळ.

आपल्या भागात अपंगांसाठी पहिल्या शाळा निघाल्या त्या मिशनऱ्यांच्या आणि दानशूरांच्या. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा सुरू झाली. १९०० साली दुष्काळात उघड्यावर पडलेल्या अंध मुलांसाठी अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, १९३४ मध्ये डॉ. शंकरराव माचवे यांची पुण्याची अंधशाळा. या शाळांमध्ये एक गोष्ट समान होती. अक्षराबरोबर हाताला काम शिकवायचे. वेताच्या खुर्च्या विणणे, चटया, टोपल्या, संगीत. शाळा एकीकडे आणि धंदेशिक्षण दुसरीकडे असा भेद त्यांनी फारसा मानला नाही. आमच्या खात्यात जुन्या वेताच्या खुर्च्या होत्या. वेत तुटला की त्या विणायला जात आणि ते काम बहुतेक अंध कारागिरांकडे असे, असे जुने शिपाई सांगत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि तो विषय संपला. या इतिहासात ही गोष्ट पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांचा विचार उशिरा सुरू झाला. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. ती 'जय वकील' या नावाने आजही आहे. पुण्याची 'कामायनी' १९६४ ची. या दोन्ही ठिकाणी लवकरच ध्यानात आले की मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून शाळेतून नाव काढले तर दुसऱ्या दिवशी ते खिडकीत बसते. म्हणून शाळेला जोडून कार्यशाळा आल्या. लिफाफे, मेणबत्त्या, शिवण, पॅकिंग. मिळणारे पैसे थोडे असतात. पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा मुलगा आणि घरी बसलेला मुलगा यांत किती अंतर आहे, ते आम्ही सहा वर्षे जवळून पाहिले.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे वरोऱ्याचे आनंदवन. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून चंद्रपूरकडे निघाले की ते काही फार दूर नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळ घरे तिथे जाऊनही आली आहेत. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये मूठभर कुष्ठरुग्णांना घेऊन खडकाळ जमिनीवर ते सुरू केले. पुढे अंधांची शाळा, मूकबधिरांची शाळा आणि अपंगांना कामधंदा शिकवणारे 'संधिनिकेतन' तिथेच उभे राहिले. हातमाग, सुतारकाम, शिवणकाम अशी कामे तिथे एका कुंपणाच्या आत आहेत. समाजाने ज्यांना बाहेर काढले त्याच लोकांनी आसपासच्या गावांतल्या धडधाकट मुलांसाठी १९६४ मध्ये महाविद्यालय उभारून दिले, ही हकिगत आमच्या वडिलांना फार आवडे. ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि तरी धाकटा मुलगा घरी. माणूस असाच असतो, ते आनंदवनाच्या गोष्टी सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नावही इथे घ्यायला हवे. ऐन तारुण्यात पाय गेले, चाकाची खुर्ची आली. त्या सरकारी नोकरीत होत्या. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डीकॅप्ड' ही संस्था काढली. मुलांना राहायला वसतिगृह, शिकायला शाळा आणि पुढे सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करणारा उद्योग. राहणे, शिकणे आणि कमावणे या तिन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्याशिवाय भागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

हे झाले संस्थांचे. सरकारचे काय? सरकारला शिव्या देणे सोपे असते आणि आम्ही तर आतलेच. पण नोंद करावी असे बरेच आहे. नुसत्या अपंगांसाठी देशातले पहिले विशेष रोजगार विनिमय केंद्र १९५९ मध्ये मुंबईत उघडले. १९६८ मध्ये केंद्र सरकारने अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रे सुरू केली. त्यांतली पहिली दोन कुठे होती, तर एक मुंबईत आणि दुसरे हैदराबादेत. आपली मराठी घरे ज्या दोन शहरांच्या मध्ये येजा करत आली, नेमकी तीच दोन शहरे. हैदराबादचे केंद्र विद्यानगरला होते. तिथे काय चाले? मुलगा गेला की डॉक्टर तपासत, मानसशास्त्रज्ञ बोलत, मग त्याला वेगवेगळ्या कामांवर बसवून पाहत. लेथवर हात बसतो का, शिवणयंत्रावर बसतो का, कागदावर बसतो का. जे जमेल ते शिकवायचे आणि नोकरीसाठी नाव पुढे पाठवायचे. आमचा भाऊ घरी बसला होता तेव्हा हे केंद्र आपल्या राजधानीत तीस वर्षांहून जास्त काळ चालू होते. बासरहून रात्रीच्या गाडीने बसले की सकाळी तिथे पोहोचता आले असते. आम्हाला माहीतच नव्हते.

१९७७ मध्ये केंद्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या. एक टक्का अंधांना, एक बहिऱ्यांना, एक हातापायांनी अपंग असलेल्यांना. टेलिफोन ऑपरेटरच्या खुर्चीवर अंध तरुण दिसू लागले ते याच काळात. नव्वदीच्या दशकात एसटीडी बूथ आले आणि त्यांत अपंगांना प्राधान्य मिळाले. पिवळ्या पाटीखाली तीनचाकी सायकल लावून बसलेले भाऊ आपल्यापैकी सगळ्यांना आठवत असतील. त्या बूथवर किती संसार उभे राहिले! मग मोबाइल आला. चारपाच वर्षांत बूथ ओस पडले. कार्यालयांतल्या टेलिफोनच्या खुर्च्याही यंत्राने घेतल्या. वेताच्या खुर्चीचे झाले तेच यांचे झाले. अपंगांसाठी म्हणून एकच काम बाजूला काढून ठेवले की असे होते, ते काम गेले की सगळेच एकदम रिकामे होतात.

सिकंदराबादला मनोविकासनगरात १९८४ मध्ये मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे नाव आता बदलले आहे, काम तेच. तिने एक साधी पद्धत रुजवली. विशेष शाळेत पंधरा ते अठरा या वयोगटाचा वर्ग वेगळा करायचा आणि त्यात पुस्तकापेक्षा पुढच्या कामाची तयारी घ्यायची. घड्याळ पाहणे, पैसे मोजणे, एकट्याने बसमध्ये चढणे, साहेबाने रागावले तर रडत घरी न येणे. वाचताना हसू येईल, पण नोकरी टिकते ती याच गोष्टींवर. आमच्या कार्यालयात पदवीधर माणसे शेवटच्या कलमात नापास झालेली आम्ही पाहिली आहेत.

१९९५ चा कायदा आला, तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. २०१६ च्या कायद्याने सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली, सरकारी नोकरीत चार टक्के आणि सरकारी व सरकारी मदत घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा राखल्या. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे अठराव्या वाढदिवसाला एक दार बंद होते. नोकरीचे दुसरे दार उघडायला कागद लागतात, वय लागते, जाहिरात लागते. मधली दोनचार वर्षे कोणाच्याच खात्यात येत नाहीत. आमचा भाऊ त्याच फटीत पडला.

आणि आपल्या सीमेवरच्या मराठी घरांसाठी ही फट जास्त रुंद आहे. त्याला १९५६ कारण आहे. तोवर मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कले आदिलाबादला जोडली गेली, आणि धर्माबादकडचा भाग नांदेडलाच राहिला. तिकडे आदिलाबादचा किनवट नांदेडात गेला. सोयरीक, बाजार, जमिनी, सगळे दोन्हीकडे. धडधाकट मुलाचे निभावते. तो मराठी शाळेत शिकून चौकात तेलुगू उचलतो. ऐकू न येणारे मूल भाषा चौकात उचलू शकत नाही. आमचा भाऊ मराठी ओठ वाचायचा. बासरच्या बाजारात, बसस्टँडवर, बँकेत ओठ तेलुगू हलत होते. बारा वर्षांचे शिक्षण घराच्या उंबऱ्यापर्यंतच उपयोगी पडले.

अंध मुलांचे या बाबतीत बरे आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले आणि कौतुक वाटले. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीतल्या 'क'ला जे ठिपके, तेलुगूतल्या 'క'च्या जागीही तेच ठिपके. डोळस माणसाला दोन लिप्या शिकाव्या लागतात, अंध मुलाच्या बोटाला एकच. आपण मात्र दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावर भांडतो.

भाषेनंतर कागद. २००६ मध्ये अपंगांच्या राखीव जागांची एक जाहिरात निघाली. आम्ही उत्साहाने भावाचा अर्ज भरला. अपंगत्वाचा दाखला महाराष्ट्रातल्या रुग्णालयाचा होता, तो इथे चालला नाही. धावपळ करून इथला काढला. मग स्थानिकत्व आडवे आले. १९७५ च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे दहावीपर्यंतची सलग चार वर्षे ज्या भागात शिकला, तिथला तो स्थानिक. भाऊ शिकला महाराष्ट्रात. बासरला जन्मलेला, बासरला मतदान करणारा, बासरच्या देवळात अक्षराभ्यास झालेला मुलगा बासरला परका ठरला. टेबलापलीकडच्या माणसाने नियमावर बोट ठेवले, त्याचे काही चुकले नाही. आमचे चुकले. आम्ही स्वतः सरकारी नोकर, याच नियमाखाली लागलेलो, तरी भावाला शाळेत घालताना किंवा नंतर तो नियम त्याच्या बाजूने कोणी वाचला नव्हता.

आज स्थिती थोडी बदलली आहे, ती नीट समजून घ्यावी. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो, आणि त्यासाठी केंद्राचे यूडीआयडी कार्ड निघते. दाखल्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. स्थानिकत्वाचा मिटलेला नाही. २०१८ च्या आदेशाने थेट भरतीच्या पंचाण्णव टक्के जागा स्थानिकांना राखल्या, आणि स्थानिक कोण हे पहिली ते सातवी कुठे शिकलात यावरून ठरते. गंमत अशी की आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद, जगित्याल या जिल्ह्यांच्या झोनला नाव आपल्याच गावाचे आहे, बासरा झोन. विशेष शाळेसाठी लेकराला नांदेडकडे पाठवणाऱ्या घरांनी हे आधी पाहावे. पाठवू नये असे आमचे म्हणणे नाही, कधी कधी तीच शाळा चांगली असते. पण केंद्र सरकार, रेल्वे, बँका यांच्या राखीव जागांना ही अट नसते, मग डोळा तिकडे ठेवावा. आपल्या गावच्या ट्रिपल आयटीतही दिव्यांग मुलांसाठी राखीव जागा असतात, हे कितीजणांना माहीत आहे? आणि मूल बौद्धिक अक्षम किंवा स्वमग्न असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत खाते अडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. ओळखीच्या एका घराला हे मुलगा तेवीस वर्षांचा झाल्यावर कळले.

भावाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सरकारी नोकरी हुकल्यावर आईनेच निर्णय घेतला. "नोकरीचे राहू द्या, त्याला त्या मोटारीच्या दुकानात बसवा," ती म्हणाली. गोदावरीकाठी पंपांची काय कमी? आमच्या ओळखीचे एक तेलुगू मिस्त्री रिवायंडिंगचे दुकान चालवत. चौथी शिकलेले. त्यांना मराठी येत नव्हते, भावाला तेलुगू. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी जळालेली मोटार पुढे ठेवली, स्वतः एक कॉइल सोडवून दाखवली आणि वेढे मोजताना बोटे वर केली. भावाने मान हलवली. चित्रकलेची बक्षिसे मिळवणारा हात, तार त्याने अशी बसवली की मिस्त्री दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला दाखवायला घेऊन गेले. बेअरिंग खराब आहे का हे आम्ही कानाने ओळखतो. भाऊ चालू मोटारीवर तळहात ठेवतो आणि सांगतो. आजवर त्याचा अंदाज आमच्यापेक्षा कमी वेळा चुकला आहे. डिप्लोमा आमच्याकडे आहे.

सहा वर्षे त्याने मिस्त्रींकडे काढली, मग स्वतःचे दुकान टाकले. गिऱ्हाइकांसाठी काउंटरवर पाटी आणि खडू असतो. बिघाड तेलुगूत लिहिता येतो, मराठीतही, आणि ज्याला कोणतेच येत नाही तो मोटारीचे चित्र काढतो. तेलुगू अक्षरे भावाला मिस्त्रींच्या नातीने शिकवली. ती तेव्हा दुसरीत होती.

वडील गेल्या वर्षी गेले. शेवटी शेवटी दुकानात खुर्ची टाकून बसायचे. आनंदवनाची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगणे चालूच होते.

मागच्या उन्हाळ्यापासून कुबीरकडचे एक गृहस्थ दर रविवारी आपल्या मुलाला घेऊन दुकानात येतात. पंधरा वर्षांचा, ऐकू येत नाही, शाळेत नववीला. सध्या नुसता बघतो, तारा जाडीप्रमाणे वेगळ्या करतो, दुपारी भावाबरोबर जेवतो. दोघांच्या खुणांच्या गप्पा आम्हाला निम्म्याच समजतात. त्याचे यूडीआयडी कार्ड निघाले आहे, पहिली ते सातवीचे बोनाफाईड मागवले आहे, आणि आयटीआयच्या प्रवेशाची माहिती घेणे आमच्याकडे दिले आहे. यंदाच्या मंडपातली रोषणाई भावानेच केली आहे. शिडीवर त्याच्या खाली वायर धरून उभा असलेला मुलगा दिसला तर तो हाच.